पालघरची अटक, ठाण्याचे सीडीआर आणि मूट कोर्ट

नोव्हेंबर 2012. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद होती. त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या आणि दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यानंतर आमच्याकडच्या मूट कोर्टांत, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यांत, या अटकेमागचं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66अ आलं, ते आपल्या जिल्ह्याची गोष्ट म्हणून. मुलं पोटतिडकीने बोलायची. याच अटकेनंतर श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015ला ते कलम रद्द झालं.

खासगीपणावरच्या मूट प्रॉब्लेममध्ये, म्हणजे काल्पनिक खटल्यात, मात्र 2017पर्यंत अर्जदाराची बाजू लंगडीच असे. खासगीपणा मूलभूत हक्क नाही म्हणणारे 1954चा एम. पी. शर्मा आणि 1962चा खरक सिंग हे निकाल प्रतिवादी पुढे करायचे. अर्जदाराच्या हाती खरक सिंगमधलं न्या. सुब्बा राव यांचं अल्पमत आणि नंतरचे काही छोट्या पीठांचे निकाल. 24 ऑगस्ट 2017ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 66अ रद्द करणारे न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन या पीठातही होते. 547 पानांचा तो निकाल! दिवसा नोकरी करणारी डोंबिवली-कल्याणची मुलं लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर तो वाचायची, हे मी पाहिलं आहे. त्यांच्या मेमोरियलची, म्हणजे लेखी युक्तिवादाची, मला आजही कदर वाटते. आता वाद हक्क आहे की नाही यावर राहिला नाही. हक्कावर बंधन घालणारा कायदा आहे का, हेतू वैध आहे का, उपाय त्या हेतूच्या प्रमाणात आहे का, हे बेंच विचारू लागलं.

निकालाला सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारं जाळं उघड केलं. खासगी गुप्तहेरही पकडले गेले. सीडीआर म्हणजे कुणी कुणाला केव्हा फोन केला, किती वेळ बोललं, फोन कोणत्या टॉवरखाली होता, याची नोंद. संभाषण त्यात नसतं. तरी घरातल्या माणसावर पाळत ठेवायला तेवढं पुरतं. माझ्या मते गेल्या दशकातला मूटसाठी सर्वांत कसदार विषय हाच, कारण इथे समोर सरकार नाही; पैसे देऊन माहिती घेणारा नवरा किंवा भागीदार आहे. पुट्टस्वामीतली कसोटी सरकारसाठी घडवलेली. ती त्याला कशी लावायची, इथे चांगले चांगले वक्ते अडतात.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023मध्ये आला, नियम 2025च्या नोव्हेंबरात. दंड 250 कोटींपर्यंत. अर्जदाराची बाजू मांडणाऱ्यांना मी हल्ली एकच विचारते: जिची माहिती फुटली त्या बाईला यातलं काय मिळणार? मुलं पानं चाळतात. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. कंपन्यांकडून भरपाई मागण्याची वाट देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 43अ याच कायद्याने वगळायचं ठरवलं आहे.