जांभ्याचा रंग

हौशी चित्रकाराला एक मोठी सवलत असते. त्याच्या चित्राची कोणी वाट पाहत नसते. प्रदर्शनाची तारीख नाही, गिऱ्हाईक नाही, समीक्षक तर नाहीच नाही. त्यामुळे जलरंगांत मन रमेनासे झाले की तो बेलाशक तैलरंगांकडे वळतो, तिथून ॲक्रिलिककडे. आणि घरातली मंडळी ‘आता हे काय नवीन आणलंत?’ एवढे विचारून आपापल्या कामाला लागतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी ही सवलत मनसोक्त उपभोगतो आहे. गेल्या पावसाळ्यात मात्र एका चित्राला मुदत मिळाली. राजापूर तालुक्यातले आमचे सामाईक घर विकायचे ठरले. बारा वाटेकऱ्यांच्या सह्या व्हायला जेवढा वेळ लागेल, तेवढाच माझ्या हाती होता. मला त्या घराची पडवीकडची चिरेबंदी भिंत कागदावर हवी होती. पुतण्याने मोबाइलवर शंभर फोटो काढले. त्यांत भिंत आहे, रंग नाही.

जांभा लाल असतो, असे आपण म्हणतो. समोर बसून पाहिले की तो लाल कुठे सापडत नाही. विटकरी आहे, हळदीसारखा पिवळा आहे, जांभळट आहे. भोकांच्या आत जवळजवळ काळा, आणि श्रावणात सगळ्यावर शेवाळाची हिरवी साय. खाणीतून काढताना हा चिरा मऊ असतो, हवा लागली की कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात असाच दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ म्हटले, ते लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. त्यातली तांबूस-पिवळी रंगत लोखंडाची, म्हणजे एका अर्थी गंजाचीच.

पहिली खेप जलरंगांची. जलरंग म्हणजे रंगाची पूड आणि डिंक, तोही बाभळीच्या गोत्रातल्या झाडाचा. यात पांढरा रंग कागदाचा. उजेड आधीच राखून ठेवायचा आणि अंधार हळूहळू भरत जायचे. या माध्यमातून काय निघू शकते ते पाहायचे तर सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांची दिवा घेतलेली बाई पाहावी. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले ते चित्र कित्येकांना रविवर्म्याचे आणि तैलरंगातले वाटते. ते जलरंगातले आहे! पण कोकणातल्या जुलैत जलरंगाचे वेगळेच चालते. पुण्यात दहा मिनिटांत वाळणारा हात पडवीत पाऊण तास ओलाच. रंग कागदावर वाट फुटेल तिकडे जातो. शेवाळ त्यामुळे फार सुरेख उतरले, मी जणू नुसता बघ्या होतो. भिंत मात्र उन्हात वाळत घातलेल्या लुगड्यासारखी हलकी झाली.

मग तैलरंग. यातले जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही; ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणून घाई चालत नाही, आणि खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हा क्रमही मोडता येत नाही. नाहीतर वरचा थर पुढे तडकतो. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. हे कळल्यापासून सौ.च्या हुकमाने आमच्या चिंध्या दोरीवर पसरून वाळतात. असो. सुरीने रंग थापल्यावर जांभ्याच्या भोकांना खोली आली, पण भिंत संस्थानिकांच्या तसबिरीसारखी रुबाबदार दिसू लागली. ॲक्रिलिकने तर बोलायलाही फुरसत दिली नाही, भराभर वाळून मोकळे! प्रभाकर बरव्यांनी दाराखिडक्यांना देतात तो इनॅमल रंग कॅनव्हासवर वापरला, हे आठवून तेही करून पाहिले. भिंत नुकती रंगवल्यासारखी दिसली.

त्या घरात आता एकटी राहणारी काकू हे सारे पाहत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची. एक दिवस म्हणाली, “अरे, एवढे रंग विकत कशाला आणतोस? परसात ढीग पडलाय की चिऱ्यांचा.”

चिऱ्याचे तुकडे खलबत्त्यात कुटले. पूड पाण्यात ढवळली. जड रेव तळाला बसली की वरचे गढूळ पाणी दुसऱ्या पातेल्यात ओतायचे. असे चार वेळा केल्यावर जो गाळ उरला तो परातीत वाळवला. पिवळी पूड वेगळी काढून निखाऱ्यांवर भाजली, ती तांबडी झाली. बाजारातला ‘बर्न्ट सिएना’ म्हणजे अशीच भाजलेली माती. अजिंठ्याच्या भिंतींवरचे तांबडे-पिवळे रंगही मातीचेच. निळा तेवढा परदेशी दगडाचा. लोखंडाचा रंग उन्हाने विटत नाही.

पूड तयार झाली, पण ती कशात कालवायची? युरोपात तैलरंगांच्या आधी अंड्याचा बलक वापरत. काकूच्या स्वयंपाकघरात अंडे नेण्याची माझी छाती नाही, तो प्रयोग पुण्याला. इथे डिंकाचे पाणी, चमचाभर मध आणि बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचे दोन थेंब. तीच पूड दुसरीकडे जवसाच्या तेलात घोटली. दोन्हींचे फटकारे शेजारी शेजारी ओढले आणि पाहतच राहिलो. माती एक, रंग दोन! डिंकातली फिकट, कोरडी, वैशाखातल्या भिंतीसारखी. तेलातली गडद, आतून ओली, आषाढातल्या भिंतीसारखी. कारण साधे आहे. डिंकाचे पाणी उडून गेले की कणांमध्ये हवा शिरते आणि उजेड विखुरतो. तेल त्या फटी भरून ठेवते. भिंतीवर पावसाचे पाणीही नेमके हेच करते. इतके दिवस मी लाल रंगाच्या छटा शोधत होतो, आणि अर्धा रंग त्या फटींमध्ये होता.

मग दोन चित्रे केली, त्याच मातीची. एक डिंकात, एक तेलात. मार्चमध्ये शेवटची सही झाली. काकू मुलाकडे रत्नागिरीला निघाली, तेव्हा दोन्ही तिच्यापुढे ठेवली आणि हवे ते घ्यायला सांगितले. तेलातले चित्र माझ्या मते सरस होते. तिने डिंकातले उचलले.

“ते पावसातलं तू ठेव,” ती म्हणाली. “मला त्यात गळता कोपराच दिसतो.”