502 बॅड गेटवे : गेट उघडं, कारखाना बंद

(एपिसोड ऐकण्यासाठी केला होता, त्यामुळे कमांड जशा बोललो तशाच लिहिल्यात. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

सोमवार, सकाळचे पावणेआठ. चिकलठाणा एमआयडीसीतलं एक छोटं युनिट, नाव सांगत नाही. गेटवर टेम्पो उभा, माल भरून झालेला, ड्रायव्हरचा दुसरा चहाही झालेला. आणि डिलिव्हरी चलान काही निघत नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पांढरं पान, मधोमध ठळक अक्षरात '502 बॅड गेटवे' आणि खाली बारीक 'एन्जिनएक्स'. डिस्पॅचच्या काकांचा मला फोन आला, "अरे, तुझा सर्व्हर मेला रे. लवकर ये."

ते चलानचं ॲप मी लिहून दिलं होतं. पैसे मिळालेलं माझं पहिलं काम. मुकुंदवाडीहून गाडी काढली आणि रस्ताभर एकच विचार, कोडमध्ये काय चुकलं?

कोडमध्ये काहीच चुकलं नव्हतं. आणि काकांचं वाक्यही अर्धंच खरं होतं. सर्व्हर खरंच मेला असता तर 502 दिसलाच नसता. ब्राउझर 'साइटपर्यंत पोचता येत नाही' असं काहीतरी म्हणाला असता. 502 दिसतो म्हणजे समोरून कोणीतरी उत्तर देतंय. उत्तर एवढंच की, 'मी आहे, पण ज्याच्याकडे निरोप न्यायचा तो जागेवर नाही.'

म्हणजे सर्व्हर दोन असतात. आजचा एपिसोड त्यांच्या जोडणीवर.

एमआयडीसीतली कुठलीही कंपनी डोळ्यांसमोर आणा. गेटवर वॉचमन असतो. येणाऱ्याला तो विचारतो, कुठे जायचं, कोणाकडे काम आहे. साधं पत्रक हवं असेल तर केबिनमधूनच काढून देतो. पण जॉब करून हवा असेल तर आत शॉपफ्लोअरला फोन लावतो. वेब सर्व्हर म्हणजे हा वॉचमन : अपाची किंवा एन्जिनएक्स. फोटो, सीएसएस अशा फायली तो स्वतःच देतो. ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे शॉपफ्लोअर : जावाचं ॲप असेल तर टॉमकॅट, पायथॉनचं असेल तर गुनिकॉर्न. हिशोब, डेटाबेस, लॉगिन, सगळं तिथे.

ही विभागणी जुनी आहे. अपाची 1995 सालचा. तेव्हा सीजीआय नावाची पद्धत चालायची : प्रत्येक विनंतीला नवा प्रोग्रॅम सुरू करायचा, काम झालं की बंद. गर्दी वाढली की मशीन धापा टाकायचं. म्हणून ॲप कायम जागं ठेवायची पद्धत रुळली. 1999 मध्ये सन कंपनीने आपला कोड अपाची फाउंडेशनला दिला आणि त्यातून टॉमकॅट पुढे आला. 2004 मध्ये इगोर सिसोएव्ह या रशियन इंजिनिअरने एन्जिनएक्स लोकांसाठी खुला केला.

आता तुम्ही म्हणाल, टॉमकॅट तर 8080 पोर्टवर स्वतःच पान दाखवतो, मग वॉचमनचा पगार कशाला? एक कारण युनिक्समधलं आहे. 1024 च्या खालचे पोर्ट उघडायला रूटचे अधिकार लागतात, आणि वेबचे पोर्ट आहेत 80 आणि 443. आपलं ॲप रूट म्हणून चालवणं म्हणजे तिजोरीची किल्ली शॉपफ्लोअरवर टांगून ठेवणं. दुसरं कारण तुमच्या हातातला फोन. जालना रोडवर सिग्नलला उभं राहून, रेंजची एक काडी असताना कोणी फोटो अपलोड करतो. गुनिकॉर्नचा साधा वर्कर एका वेळी एकच गिऱ्हाईक बघतो. तो या माणसाची वाट बघत बसला की बाकीचे रांगेत. एन्जिनएक्स तो फोटो सावकाश गोळा करतो आणि पूर्ण झाला की एकदम आत देतो.

आता हाताने जोडणी. फाइल असते स्लॅश ईटीसी स्लॅश एन्जिनएक्सच्या फोल्डरमध्ये. त्यात सर्व्हर ब्लॉक. पहिली ओळ 'लिसन 80'. मग 'लोकेशन स्लॅश', आणि त्याच्या आत 'प्रॉक्सी पास एचटीटीपी 127.0.0.1 कोलन 8000'. याचा अर्थ, आलेली विनंती याच मशीनवर 8000 पोर्टला बसलेल्या ॲपकडे दे. एवढ्यानेही ॲप दिसायला लागतं, आणि तिथेच आपण फसतो.

कारण वॉचमनने आत फोन लावला की शॉपफ्लोअरला वाटतं, प्रत्येक काम गेटवरूनच आलंय. मूळ माणूस कोण, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. त्या चिठ्ठ्या म्हणजे 'प्रॉक्सी सेट हेडर'च्या ओळी. 'होस्ट' लिहिला नाही तर ॲपला साइटचं नाव 127.0.0.1 असं कळतं, आणि जँगोसारखं फ्रेमवर्क 400 देऊन हाकलून लावतं. 'एक्स फॉरवर्डेड फॉर' नसेल तर लॉगमध्ये सगळ्या जगाचा आयपी पत्ता एकच. 'एक्स फॉरवर्डेड प्रोटो' नसेल तर आणखी गंमत : बाहेर एचटीटीपीएस, आत साधं एचटीटीपी. ॲप म्हणतं 'सुरक्षित पत्त्यावर जा', ब्राउझर म्हणतो 'तिथेच तर आहे', आणि दोघं गोल गोल फिरत बसतात.

आणि तो एक स्लॅश! लोकेशन '/चलान/' ठेवलंय समजा. प्रॉक्सी पासच्या पत्त्याच्या शेवटी स्लॅश दिला तर '/चलान/' हा भाग कापून उरलेलं आत जातं. नाही दिला तर जसंच्या तसं जातं. या स्लॅशने माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्लीये.

बदल केला की आधी 'एन्जिनएक्स हायफन टी'. फाइलमध्ये अर्धविराम राहिला असेल तर तिथेच कळतं. मगच रीलोड. रीस्टार्ट नको, रीलोडमध्ये चालू असलेली कामं तुटत नाहीत.

ॲप कुठल्या पत्त्यावर ऐकतंय हेही बघा. 127.0.0.1 म्हणजे फक्त मशीनच्या आतून. 0.0.0.0 म्हणजे सगळ्या बाजूंनी दार उघडं. टॉमकॅटला 8009 पोर्टवर एजेपी नावाचं मागचं दार असायचं, अपाचीशी बोलण्यासाठी, आणि जुन्या आवृत्त्यांत ते आपोआप उघडं असे. 2020 मध्ये त्यात 'घोस्टकॅट' नावाची फट सापडली : ते पोर्ट बाहेरून पोचण्यासारखं असेल तर ॲपच्या आतल्या फायली परक्याला वाचता येत होत्या. त्यानंतर ते दार मुळातच बंद करून द्यायला लागले.

परत सोमवारी सकाळी. काका मागे उभे, ड्रायव्हर दारात. मी उघडली एरर लॉगची फाइल. ती स्लॅश व्हार स्लॅश लॉग स्लॅश एन्जिनएक्समध्ये असते, आणि खरं सांगतो, गूगल करण्याआधी ती वाचा. लिनक्सवर त्यात कंसात एक आकडा असतो. 111 म्हणजे कनेक्शन नाकारलं : त्या पोर्टवर कोणी बसलेलंच नाही. 2 म्हणजे फाइलच नाही : पोर्टऐवजी युनिक्स सॉकेट वापरत असाल तर त्याचा पत्ता चुकलाय. 13 म्हणजे परवानगी नाही : सॉकेट आहे, पण एन्जिनएक्सच्या युजरला तिथवर जाता येत नाही. उबुंटूने 21.04 पासून नवीन युजरचं होम फोल्डर इतरांसाठी बंद केलं, त्यामुळे होममध्ये सॉकेट ठेवणारे हमखास इथे अडकतात. ते स्लॅश रनमध्ये ठेवा. आणि रेड हॅटच्या घराण्यातलं लिनक्स असेल तर 13 चं कारण बऱ्याचदा एसई लिनक्स असतं. टर्मिनलमधून सगळं नीट चालतं आणि एन्जिनएक्सलाच नकार. त्याची परवानगी वेगळी चालू करावी लागते. लोक वैतागून एसई लिनक्सच बंद करून टाकतात. नका करू.

माझ्या लॉगमध्ये होता 111.

रविवारी रात्री लाइट गेली होती. यूपीएस संपला, मशीन बंद. पहाटे लाइट आली, मशीन आपोआप चालू झालं. एन्जिनएक्स पॅकेजमधून टाकलेला असल्यामुळे तोही आपोआप उठला. गुनिकॉर्न मात्र मी दोन महिन्यांपूर्वी लॅपटॉपवरून लॉगिन करून हाताने सुरू केला होता आणि तसाच सोडून दिला होता. त्याला उठवणार कोण? वॉचमन ड्यूटीवर हजर, आत शॉपफ्लोअरला कुलूप.

एक कमांड मारली, चलान निघालं, टेम्पो गेला. काका काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

मग बसून सिस्टमडीची सर्व्हिस फाइल लिहिली. पंधरा ओळीसुद्धा नाहीत. 'एक्झेक स्टार्ट'मध्ये गुनिकॉर्नचा पूर्ण पत्ता, 'युजर'मध्ये ॲपसाठीच बनवलेला साधा युजर, 'रीस्टार्ट'पुढे 'ऑलवेज', आणि शेवटी 'वॉन्टेड बाय मल्टी युजर टार्गेट'. मग 'सिस्टम सीटीएल स्टार्ट' आणि 'सिस्टम सीटीएल इनेबल', दोन्ही. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर. इनेबल म्हणजे मशीन उठेल तेव्हा प्रत्येक वेळी चालू कर. फक्त स्टार्ट करून घरी गेलात तर पुढची लाइट जाईपर्यंत सगळं झकास. त्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत काकांना विचारून मशीन मुद्दाम रीबूट केलं आणि कशालाही हात न लावता चलान काढून दाखवलं. तेव्हा कुठे ते हसले.

लॅपटॉप नसेल तर हे फोनवरही बघता येतं, कारण अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. टर्मक्स टाका, त्यात एन्जिनएक्स आणि पायथॉन घ्या. एन्जिनएक्स तिथे 80 वर नाही, 8080 वर ऐकतो. फोन रूट नसतो, मघाचा 1024 चा नियम आठवा. पायथॉनचा छोटा सर्व्हर 'पायथॉन हायफन एम एचटीटीपी डॉट सर्व्हर' म्हटलं की 8000 वर उभा राहतो. प्रॉक्सी पासची ओळ लिहा, हायफन टी करा, एन्जिनएक्स सुरू करा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट कोलन 8080 उघडा. पान दिसलं? आता पायथॉन बंद करा आणि रीफ्रेश मारा. 502 येईल. लॉग उघडून कंसातला आकडा कोणता ते मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला.