स्टारड्यू व्हॅलीतला पहिला वसंत

एरिक बॅरोन यांच्या 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) या शेतीच्या गेममध्ये नवा खेळाडू बहुधा पहिल्याच दिवशी सगळं रान साफ करायला धावतो आणि दुपारपर्यंत थकतो. सुरुवातीला ऊर्जा असते २७०. कुदळ, कुऱ्हाड किंवा झारी एकदा वापरली की त्यातली साधारण २ जाते. भेट मिळालेल्या १५ पार्सनिप बियांसाठी खणणं आणि पाणी धरून ६० लागतात. पुढे पाण्याचे ३० रोजचेच. म्हणून झेपेल तेवढंच पेरावं. गवत विळ्याने कापावं, त्याला ऊर्जा लागत नाही. गळ टाकायला मात्र प्रत्येक वेळी ८ जातात.

वसंतात दक्षिणेच्या जंगलात रानकांदे फुकट मिळतात. एक खाल्ला की १३ ऊर्जा परत. माझ्या मते सुरुवातीला याहून चांगला आधार नाही. पावसाच्या दिवशी पाणी घालायचं नसतं, तेव्हा खाणीत उतरावं. ऊर्जा शून्यावर नेऊ नये, दुसरा दिवस अर्ध्यावर सुरू होतो. मध्यरात्रीपूर्वी झोपावं. सराव वाढला की प्रत्येक घावाचा खर्चही थोडाथोडा घटतो.