राखीव प्रवेश आणि जात वैधता प्रमाणपत्र

व्यावसायिक महाविद्यालयात राखीव जागेवर निवड झाली की प्रवेश पक्का झाला, असा अनेक पालकांचा समज असतो. वस्तुतः हा प्रवेश जात वैधता प्रमाणपत्रावर अवलंबून असतो. विहित मुदतीत ते सादर न झाल्यास पात्र विद्यार्थ्यालाही राखीव जागेस मुकावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात पडताळणीची कार्यपद्धती घालून दिली. राज्याचा याविषयीचा कायदा ऑक्टोबर २००१ पासून अंमलात आहे.

पडताळणी समितीपुढे वडील, आजोबा, चुलते यांच्या जुन्या नोंदी मांडाव्या लागतात. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, महसुली कागदपत्रे हे त्यातील प्रमुख पुरावे होत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या नोंदींना विशेष महत्त्व असते.

अशा नोंदी शोधण्यास वेळ लागतो. नावात वा आडनावात तफावत आढळल्यास विलंब अधिकच वाढतो. म्हणून विद्यार्थी अकरावीत असतानाच अर्ज करविणे हिताचे ठरते. मुख्याध्यापकांनी जुने उतारे तत्परतेने द्यावेत आणि पंचायत सदस्यांनी पालकांना वेळीच जागे करावे. कष्टाने मिळविलेली जागा केवळ एका कागदाअभावी जाऊ नये.