नवव्या महिन्यातले दोन हजार

सातपुड्यातल्या एका तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात मी लेखापाल होते. पेशंटला हात लावायचं काम माझं नव्हतं. बाळंतपणं माझ्या टेबलावर यायची ती यादीतून: नाव, गाव, नोंदणी क्रमांक, खाते क्रमांक, रक्कम. त्यामुळे योजनांकडे मी आजही पैशाच्याच बाजूने बघते.

राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचे 60 टक्के आणि राज्याचे 40 टक्के. 2005 सालची जननी सुरक्षा योजना त्यातलीच. दारिद्र्यरेषेखालची किंवा अनुसूचित जाती-जमातीची बाई दवाखान्यात बाळंत झाली की ग्रामीण भागात तिला 700 रुपये, शहरात 600. 2011 पासून सरकारी दवाखान्यात सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी सगळं मोफत. 15 ऑगस्ट 2023 पासून तर राज्याच्या आरोग्य विभागाने केसपेपरचे पैसेही घेणं बंद केलं.

पण मला मनापासून पटलेला खर्च वेगळाच. राज्याचा मानव विकास कार्यक्रम 125 मागास तालुक्यांत चालतो. त्यात गरीब गरोदर बाईला ‘बुडीत मजुरी’ म्हणून 4000 रुपये मिळतात, दोन हजार नवव्या महिन्यात आणि दोन हजार बाळंतपणानंतर. ही योजना ज्याने कुणी आखली, त्याला घर कसं चालतं ते ठाऊक असणार. दवाखाना फुकट असला तरी तिथे घालवलेला दिवस फुकट नसतो. त्या दिवसाची मजुरी जाते, घरची लहान पोरं शेजारणीच्या गळ्यात पडतात, सोबत आलेल्या सासूचाही रोज बुडतो. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांना जोडून ‘माहेरघर’ असतं. तारखेच्या आधी बाईने तिथे येऊन राहावं म्हणून. पावसाळ्यात नाले भरले की पाड्यावरून झोळीत घालून आणण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण घरात दाणा भरलेला असेल तरच बाई तिथे राहते.

मग घोडं पेंड कुठे खातं? नावात. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि बँकेचं खातं नवऱ्याचं. रक्कम आधारला जोडलेल्या खात्यातच जाते, नाहीतर परत येते. परत आलेल्या रकमांची यादी मी वेगळी ठेवायचे, आणि मार्चअखेर ती बघवत नसे. एकदा एक आशाताई टेबलाशी येऊन म्हणाली, “मॅडम, तिचं पोरगं चालायला लागलं, पैसे काही चालत नाहीत.” मी हसले, पण तिच्यासमोर मान वर करता येईना. गावात शिव्या ती खात होती, मी नाही.

तिनेच मग आपल्यापुरता नियम केला. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करतानाच ती पासबुक बघायला मागायची. नसेल तर बाईला पोस्टात नेऊन तिच्या नावाचं खातं उघडून द्यायची आणि आधार जोडून घ्यायची. तिच्या पाड्यांवरचे पैसे क्वचितच परत आले. दिवाळीनंतर कुटुंबं मजुरीला गुजरातेत गेली तरी खातं बाईच्या बरोबर असायचं.

जाता जाता एक गोष्ट सांगते. नसबंदीसाठी पुरुषाला बाईपेक्षा जास्त पैसे मिळतात आणि त्याचं ऑपरेशनही सोपं. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पुरुष नसबंदीचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. बायकांचं जवळपास पन्नास टक्के. इथे पैशाने काही हलत नाही, हे माझ्या रजिस्टरनेच मला शिकवलं.

बाकी ठिकाणी मात्र पैसा हलवतो, पण तो वेळेवर आला तर. नवव्या महिन्यातले दोन हजार बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला जमा झाले तर हिशेबात ते ‘खर्ची’ पडतात, पण त्या बाईने नवव्या महिन्यात रानात जायचं टळलेलं नसतं. सरकारने रक्कम वाढवावी असं सगळे म्हणतात. मी म्हणेन, आधी आहे ती त्या महिन्यात द्या.

तुमच्या शेतावर, बांधकामावर, घरकामाला कुणी गरोदर बाई येत असेल तर तिला दोनच प्रश्न विचारा: आशाताईकडे नोंद झाली का, आणि तिच्या स्वतःच्या नावाचं, आधार जोडलेलं खातं आहे का? नसेल तर अर्ध्या दिवसाची सुट्टी द्या आणि तिला पोस्टात पाठवा. मजुरी न कापता.