नव्या उत्पादनाची मूल्यनिश्चिती : विक्री की भाडे?

नव्या वस्तूची किंमत ठरविताना, मोबदला नेमका कशाबद्दल आकारावयाचा, हा प्रश्न उद्योजकास प्रथम सोडवावा लागतो. १९५९ मध्ये अमेरिकेतील हॅलॉइड झेरॉक्स कंपनीने ‘९१४’ हे प्रतिलिपियंत्र बाजारात आणले. त्याचा उत्पादनखर्च सुमारे २,००० डॉलर होता. प्रचलित यंत्रे मात्र सुमारे ३०० डॉलरांस मिळत. म्हणून कंपनीने यंत्र मासिक ९५ डॉलर भाड्याने दिले व पहिल्या २,००० प्रतींनंतर प्रत्येक प्रतीस ४ सेंट आकारले. ग्राहकाची जोखीम त्यामुळे घटली, आणि वापर वाढला तसे कंपनीचे उत्पन्नही वाढले. परंतु यंत्रांत गुंतलेल्या भांडवलाचा भार व वापर न वाढल्यास होणारी हानी कंपनीच्याच शिरावर होती. हा भार पेलण्याइतके भांडवल ज्याच्याजवळ नाही, त्या नवोदित उद्योगाने या पद्धतीचे अनुकरण विचारपूर्वकच करावयास हवे.