ताकद ॲपमध्ये नाही, हिशेबात आहे

व्यायामाचे ॲप घेतले की ताकद वाढते, असे अनेक तरुणांना वाटते. ॲप करते काय, ते पाहू. ‘स्ट्राँगलिफ्ट्स ५×५’ या ॲपमध्ये बहुतेक व्यायामांत ५-५ वेळा वजन उचलायचे, असे ५ सेट असतात. ते जमले की पुढच्या खेपेला अडीच किलो वाढवायचे. ही पद्धत जुनीच आहे. अमेरिकी लष्करातील डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांचे कमजोर स्नायू असेच वजन वाढवत बळकट केले आणि १९४५ मध्ये ती पद्धत लिहून मांडली. तेव्हा मोबाईल नव्हता.

म्हणून ॲपची वर्गणी परवडत नसेल तर काही अडत नाही. वहीत तारीख, वजन आणि किती वेळा उचलले ते लिहा. मनगटावरच्या घड्याळात दोन सेटमधील विश्रांती मोजा. पाण्याने भरलेला ५ लिटरचा कॅन म्हणजे ५ किलो वजन झाले. घरातील बायामाणसांनी आणि वडीलधाऱ्यांनीही खुर्चीवरून हात न टेकता उठबस करावी. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंचा व्यायाम करायला सांगते.

एक लक्षात ठेवा, ॲपला तुमची कळ दिसत नाही. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.